कधी वापरलीच नाही, साहेब!

चाळिशीनंतर माणसाला चष्मा लागतो आणि काहींना चारही चाकांनी ओढणारी फोर बाय फोर गाडी लागते. चष्म्याचा नंबर डॉक्टर काढून देतात. गाडीचा नंबर एमएच-०८ असावा की एमएच-१२, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना तो मला बरोबर नेतो.

माझ्याकडे फोर बाय फोर नाही. मी सोबत जातो. जुनी गाडी बघायला मराठी माणूस एकटा जात नाही, बरोबर एक जाणकार लागतो. जाणकाराने गाडीभोवती सावकाश फेरी मारायची, एका टायरला हलकेच लाथ मारायची, बॉनेट उघडलं की आत वाकून "हं" म्हणायचं आणि चहा आला की आधी नको म्हणून मग प्यायचा. त्या "हं"ने किंमत पाच-दहा हजारांनी उतरते असा समज आहे. मी हे काम बरीच वर्षं करतोय. सुरुवातीला नुसतंच "हं" म्हणायचो. पुढे आमच्या मेकॅनिक उस्तादांच्या गॅरेजात बसून बसून त्यामागे थोडा अर्थही आला.

गाडी कशाला हवी, या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. मुळशीकडे घेतलेला प्लॉट, गडाच्या पायथ्याचा रस्ता, कोकणातलं घर. आता वेल्ह्याला, म्हणजे थेट तोरण्याच्या पायथ्याला, एसटी जाते. एसटीची फक्त मागची चाकं ओढतात. तिच्या मागून दुधाची पिकअप जाते आणि पिकअपच्या मागून तीन माणसं आणि एक शेळी घेतलेली मोटरसायकल. पण हे गाडी बघायला गेल्यावर बोलायचं नसतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र असतं: ओढ्याला गुडघाभर पाणी, अलीकडे अडकून पडलेले सगळे नातेवाईक, त्यांत साडूची नवीकोरी ऑटोमॅटिक सेडान, आणि त्या सगळ्यांना हात करून पाण्यात गाडी घालणारा तो स्वतः.

बजेट पाच लाख. हा आकडा कुठून येतो कोण जाणे, पण माझ्या पाहण्यातल्या प्रत्येकाचं बजेट पाचच लाख असतं. त्यातले साडेचार गाडीला आणि पन्नास हजार "थोडंफार काम निघालं तर".

पाच लाखांत बाजारात बरंच काही दिसतं. पहिल्यांदा दिसते जुनी जीप. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे त्यांच्या वंशातल्या एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर वगैरे मंडळी तहसील कचेरीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे पोचली. आज त्यातली एखादी विकायला येते तेव्हा तिच्यात मूळचं काय उरलंय हा संशोधनाचा विषय असतो. इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, बॉडी पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीहून नवी ठोकून आणलेली, आणि आरसी बुकात मात्र ही अजून ऐंशीच्या दशकातली करड्या रंगाची सरकारी जीप. रस्त्यावर उभी दिसते ती लालभडक, रुंद टायरांची आणि बिनटपाची. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात २०१९च्या जानेवारीत स्पष्ट केलं. विकणाऱ्याला हे सांगितलं तर तो समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, "ते केरळचं होतं, साहेब."

दुसऱ्या टोकाला असते पजेरो किंवा एंडेव्हर. एकेकाळी मंत्र्यासंत्र्यांच्या ताफ्यात दिसणारी गाडी आज आपल्या साडेचार लाखांत बसते, हे कळल्यावर भल्याभल्या माणसांचा श्वास वर-खाली होतो. तो होऊ द्यावा आणि घरी यावं. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या पार्टांची उतरत नाही. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनाचे चारही इंजेक्टर गेले की ते पन्नास हजारांचं "थोडंफार" पहिल्याच दुपारी संपतं. त्यातून एंडेव्हर बनवणाऱ्या फोर्डने २०२१मध्ये इथले कारखानेच आवरायला घेतले.

मधे उरतात काही शहाण्या गाड्या. पुण्याच्या फोर्सची गुरखा आहे. तिला पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना डिफरन्शियल लॉक आहे, जे दुप्पट किमतीच्या गाड्यांनाही नसतं. पण ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत, त्यामुळे तिच्याविषयी आदर बाळगण्यापलीकडे काही करता येत नाही. जुनी सफारी, जुनी स्कॉर्पिओ यांचेही फोर बाय फोर अवतार मिळतात. २०१०ची पहिली थार आहे. थारच्या बाबतीत एक गोष्ट आधी पाहावी: गिअरच्या दांड्याशेजारी चारही चाकं जोडणारा दुसरा, छोटा दांडा आहे का? पहिल्या थारमध्ये डीआय इंजिनाची टू व्हील ड्राइव्हसुद्धा मिळायची, आणि नव्या थारलाही २०२३पासून मागच्या चाकांवर चालणारी बहीण आली. स्टिकर मात्र सगळ्यांवर ४×४ चाच असतो. मी एका गाडीवर तीन स्टिकर पाहिलेत. दांडा एकही नव्हता.

आणि मग जिप्सी. १९८५च्या अखेरीस ती ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली, १९९६ला १३०० सीसीची जिप्सी किंग झाली, पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंधन इंजेक्शन आलं आणि २०१८च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. या तीसेक वर्षांत तिने सुखसोयींना फारसं आत येऊ दिलं नाही. कंपनीचा एसी नाही. पुढे-मागे कमान पाटे, त्यामुळे रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा तेही कण्याला कळतं. मागे बसणारी माणसं आडव्या बाकांवर एकमेकांकडे तोंड करून बसतात, म्हणजे भांडण झालं तर नजर चुकवायचीही सोय नाही. पण वजन जेमतेम हजार किलो, इंजिन साधं आणि पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. लष्कराने ती हजारोंनी घेतली ती काही रंग आवडला म्हणून नव्हे. ताडोबात वाघ अजून तिच्याचकडे बघून जांभई देतो.

इथपर्यंतची माहिती सगळे खरेदीदार पाठ करून येतात. अडचण पुढे आहे. जुनी साधी गाडी घेताना आपण गाडी घेतो. जुनी फोर बाय फोर घेताना आपण आधीच्या मालकाची हौस विकत घेत असतो. ती हौस कसली होती, हे ओळखण्यातच जाणकाराचं निम्मं काम आहे.

एक मालक असतो हौशी चिखलवाला. त्याच्या गाडीला विंच असतं, छतावर दिव्यांची पट्टी असते आणि बॉनेटच्या बाजूने वर चढत गेलेला स्नॉर्कल असतो. स्नॉर्कल दिसला की समजावं, पाणी बॉनेटच्या वर पोचवायचा बेत या माणसाने गांभीर्याने केलेला होता. "फक्त लूकसाठी लावलाय," असं तो सांगतो. मग लूकसाठी खालचं डिफरन्शियलचं हौसिंगही दगडावर आपटून चेपलंय का, ते वाकून बघावं.

दुसरी लष्कराच्या लिलावातली गाडी. तिची देखभाल नियमाने झालेली असते, नोंदीसकट. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की नादुरुस्त गाडीही बर्फातून ओढून आणायची ज्यांची तयारी असते, त्यांनाही ही नकोशी झाली तेव्हा ती आपल्यापर्यंत आली.

तिसरा मालक डॉक्टर. महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांपैकी एवढ्या गाड्या डॉक्टरांच्या निघतात की ही माणसं दवाखान्यात बसतात कधी असा प्रश्न पडावा. एका एजंटाने मला एकदा डॉक्टरची म्हणून एक गाडी दाखवली, तिच्या काचेवर वाळू वाहतूकदार संघटनेचा स्टिकर होता. "डॉक्टरांचा साइड बिझनेस होता," तो म्हणाला.

आणि चौथा, सगळ्यांत धोकादायक: ज्याने काहीच केलं नाही तो. आयटीतला सज्जन गृहस्थ. गाडी बेसमेंटच्या पार्किंगला, वर कव्हर, सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये तारीखवार. त्याच्या गाडीचं कौतुक करताना एजंटाचा कंठ दाटून येतो.

अशीच एक २०१२ची थार बघायला आमचे बँकेतले एक स्नेही, उस्ताद आणि मी असे वाघोलीच्या पुढे गेलो होतो. गाडी खरोखरच चकचकीत होती. स्नेह्यांच्या चेहऱ्यावर टोकन द्यायची घाई दिसू लागली. उस्ताद काही न बोलता आत बसले, छोट्या दांड्यावर हात ठेवला आणि एजंटाला म्हणाले, "भाऊ, ही लागते का?"

"टाकायची वेळच आली नाही, उस्ताद. फोर बाय फोर कधी वापरलीच नाही. एकदम अनटच."

उस्तादांनी दांडा ओढला. दांडा हलला नाही. गाडी अर्धा फूट पुढे-मागे करून पुन्हा ओढला. मग एजंट स्वतः चढला, दोन्ही हात दांड्यावर, एक पाय डॅशबोर्डला टेकवून त्याने जोर लावला. गाडी हलली, सीट करकरली, दांडा होता तिथेच.

"नवीन आहे ना, म्हणून जरा टाइट आहे," तो घाम पुसत म्हणाला. गाडीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

कधी न वापरलेली साडी नवी राहते. कधी न वापरलेली ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, नवी राहत नाही. दांडा वर्षानुवर्षं हलला नाही की आतल्या जोडण्या गंजून धरतात, सील सुकतात, पुढच्या शाफ्टच्या क्रॉसमधलं ग्रीस दगड होतं. मग सुकलेल्या सीलमधून तेल हळूहळू गळतं, आणि जो दांडा कधी टाकलाच नाही त्याच्याखाली तेल उरलंय का हे कुणी कशाला बघेल? महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर फोर व्हीलमध्ये गाडी चालवली तर हे सगळं टळतं. कंपनीच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तकही त्या गृहस्थाने प्लास्टिकमधून काढलेलं नसतं.

उलट टोकाचाही माणूस भेटतो. तो पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर "ग्रिप चांगली मिळते" म्हणून दांडा टाकून लोणावळ्यापर्यंत जातो. या साध्या फोर बाय फोर गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, पण दांडा टाकल्यावर पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेला असतो. चिखलात एखादं चाक किंचित घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसल्यामुळे तो हिशेब ट्रान्सफर केस, क्रॉस आणि एक्सल यांच्या नावावर चढत जातो. आणि व्याजासकट तो फेडतो दुसरा मालक.

म्हणून गाडी बघायला जाताना जवळपास मोकळं माळरान किंवा खडीचा कच्चा रस्ता कुठे आहे ते आधी विचारून ठेवावं. तिथे गाडी नेऊन फोर हाय, म्हणजे चार चाकांचा नेहमीचा टप्पा, टाकावा, सरळ चालवावी, खडखड ऐकावी. जिप्सीसारख्या गाडीला पुढच्या चाकांवर हब असतात. ते हाताने फिरवून लॉक करायचे असतील तर फिरतात का बघावं; बऱ्याच जणांना ती नुसती डिझाइन वाटते. मग गाडी पूर्ण थांबवून फोर लो, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त ताकदीचा टप्पा, टाकावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून द्यावा. धडधाकट गाडी ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चढाने माणसाच्या चालीने चढते. हे दृश्य पाहून आमचे स्नेही नेहमी भारावतात आणि मी नेमकं तेव्हाच "हं" म्हणतो. भाव तेव्हा वाढायला लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली की गिऱ्हाईक दुखावतं, पण सांगावी लागते. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं कायम ओढतातच असं नाही. डिफरन्शियलला लॉक नसेल तर जे चाक अधांतरी, ते गरगरतं आणि त्याच एक्सलवरचं जमिनीवरचं चाक बघत बसतं. खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरपी चाकं सुटली की चार चाकांची ही गाडी जागच्या जागी दोन पंखे फिरवत उभी राहते. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. ती माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत गोळा होतो, आणि टू व्हीलवाला जिथे दोन चाकं रुतवतो तिथे आपण चारही रुतवतो, तेही वीस फूट पुढे जाऊन. मग उसाच्या फडातून ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला काही बोलत नाही, फक्त स्टिकर वाचतो.

बाकी तपासणी साध्या गाडीचीच, ती भराभर उरकता येते. बॉनेटवर आधी हात ठेवावा. आपण पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर थंड असताना सुरू होताना ते काय करतं हे आपल्याला कळू नये अशी कुणाची तरी इच्छा आहे. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून भकाभका धूर आला तर पिस्टन रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. "सगळे टायर नवीन" असं म्हटलं तर टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११४ असेल तर नवीन टायर २०१४ च्या ऑगस्टच्या आसपास जन्मलेला आहे. खालून चेसिसला ताजा काळा रंग मारलेला दिसला की त्याखाली काय आहे ते पेचकसाने टोकरून विचारावं. किनारपट्टीच्या गाड्यांचं, म्हणजे एमएच-०७, एमएच-०८ वगैरेंचं, हे दुखणं जुनं आहे. आणि सीटबेल्ट. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुतल्या, पुसल्या, सुगंधी केल्या गेल्या. पण गुंडाळीत आत राहिलेला पट्टा कुणी धूत नाही. त्याच्यावर मातकट रेघ निघाली की पाणी कुठवर आलं होतं ते समजतं. पूर बघितलेली फोर बाय फोर एजंटाच्या मते अनुभवी असते.

कागदांचं एक निराळं प्रकरण. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत गदा आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे मोहक भावाने दिसू लागल्या. तो भाव म्हणजे नुसती सुरुवात. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर, आणि पंधरा वर्षं झालेली असली तर आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. चेसिसवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर बोट ठेवून एकेक अंक जुळवावा, बँकेचा बोजा उतरलाय का बघावं, आणि "फॉर्म २९, ३० वर सही घेऊन ठेवतो, ट्रान्सफर नंतर सावकाश करू" या वाक्यातल्या सावकाशला अजिबात फसू नये.

शेवटची तपासणी वहिनींची. ती बहुतेक वेळा पंचेचाळीस सेकंदांत होते. आमच्या स्नेह्यांनी पुढे एक जिप्सी पसंत केली तेव्हा वहिनींनी पदर सावरून एकदा वर चढून पाहिलं, बाकावर बसल्या, उतरल्या. "अहो, चांगली आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही हिच्यातून या, मी एसटीने पुढे होते."

मला विचाराल तर माझा कौल असा. पाच लाख असतील तर गाडी साडेतीनची बघा आणि दीड लाख बाजूला ठेवा. चार चांगले टायर, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, सगळी सीलं आणि क्लचप्लेट एवढ्यातच त्यातला मोठा वाटा जाईल. एमपीएफआय जिप्सी घ्या, कमीत कमी सजवलेली. जरा पैसे वाढवता आले तर दुसरा दांडा असलेली पहिली थार. मालक शक्यतो कंटाळवाणा शोधा, ज्याला गाडीचं काम होतं आणि कौतुक नव्हतं. महाबळेश्वरकडचा स्ट्रॉबेरीवाला चालेल. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो माणूस दांडा टाकल्याशिवाय शेतातून बाहेरच पडू शकत नाही. गाडीला पोचे असतील, सीटा फाटलेल्या असतील, त्याची पर्वा करू नका. "दर पावसाळ्यात वापरतो की," असं तो म्हणाला तर भाव न पाडता पैसे मोजा.

आणि फक्त मुळशीच्या प्लॉटपर्यंतच जायचं असेल, तर आहे तीच गाडी ठेवा आणि त्या रस्त्यावर आठ-दहा ब्रास मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या. पुष्कळ स्वस्त पडतं, आणि साडूची सेडानही येते.